गाडी एक, सिटा सात, मतं चौदा

टेक्सासमधल्या प्लेनो गावात मामेभावाच्या, म्हणजे अभिदादाच्या, दारात नवी गाडी उभी होती आणि तिच्याभोवती आमचं अख्खं कुटुंब प्रदक्षिणा घालत होतं. टोयोटा सेक्वोया. तिसरी पिढी, पूर्ण नव्याने घडवलेली, फक्त हायब्रिड. लांबी सव्वापाच मीटरहून जास्त, रुंदी दोन मीटरच्या वर, वजन अडीच टनांच्या पुढे.

मामांनी पहिला प्रश्न टाकला, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

मामींचा दुसरा, "अरे, चिवड्याचा डबा कुठे ठेवू?"

अभिदादा म्हणाला, "पिकअप बघा, मग बोला."

पोरांना काही विचारायचंच नव्हतं. ती केव्हाच तिसऱ्या रांगेत जाऊन बसली होती.

बेत होता सॅन अँटोनियोचा, दक्षिणेला साडेचारशेहून जास्त किलोमीटर. योगायोग बघा, ही गाडी बनते तिथेच. म्हणजे आम्ही नव्या सुनेला घेऊन तिच्या माहेरी निघालो होतो.

या गाडीबद्दल अमेरिकेत टोकाची मतं आहेत. कुणी डोक्यावर घेतं, कुणी नाक मुरडतं. दिवसभराच्या प्रवासात मला एक शोध लागला: माणूस या गाडीत कुठे बसलाय ते सांगा, त्याचं मत मी सांगतो. म्हणून ही सफर सीटनिहाय.

ड्रायव्हरची सीट: इथे तक्रारखिडकी बंद

समीक्षकांपैकी जवळजवळ सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: ही गाडी पळते. ३.४ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्याला दोन टर्बो आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. एकूण ताकद ४३७ हॉर्सपॉवर. आधीच्या पिढीत ५.७ लिटरचं व्ही-८ होतं, ते ३८१ वर थांबायचं. खरी उडी टॉर्कमध्ये आहे: जुन्यात ५४४ न्यूटन-मीटर, नवीत ७९०.

म्हणजे इंजिन लहान झालं आणि जोर वाढला. हे कसं? टर्बो ही इंजिनाची फुंकणी. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर तिचं चाक फिरतं आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. पण चूल नीट पेटल्याशिवाय फुंकणीचा उपयोग नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोला जोर धरायला क्षणभर वेळ लागतो. तेवढा क्षण मोटर सांभाळून घेते, कारण विजेच्या मोटरचा टॉर्क फिरायला लागल्याबरोबर हजर असतो.

ही मोटर इंजिन आणि दहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत बसवलीय, पोळीच्या गुंडाळीत भाजी भरावी तशी. ती एकटी ४८ हॉर्सपॉवरची. टोयोटाच्याच प्रियस या गाडीतली हायब्रिड यंत्रणा पेट्रोल वाचवायला जन्मली. इथल्या यंत्रणेचं पहिलं काम गाडी ढकलायचं आणि दुसरं पेट्रोल वाचवायचं.

शेजारची सीट: अ‍ॅव्हरेजचा हिशेब

मामा पुढे बसले होते आणि त्यांचा प्रश्न अजून हवेतच होता. अमेरिकेच्या सरकारी चाचणीतला आकडा असा: फक्त मागच्या चाकांना ताकद देणारं मॉडेल गॅलनला सरासरी २२ मैल. आपल्या भाषेत लिटरला साधारण नऊ किलोमीटर आणि थोडं वर.

"नऊ?" मामांनी चष्मा काढला. "आणि याला हायब्रिड म्हणायचं?"

मामांना पुण्यातल्या शेजाऱ्यांची इनोव्हा हायक्रॉस आठवत होती, जिचा भारतातल्या चाचणीतला आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. दोन्ही देशांच्या चाचण्या वेगळ्या, गाड्यांची वजनं तर फारच वेगळी, तेव्हा ही तुलना म्हणजे पैलवानाच्या खुराकाची पोराच्या डब्याशी तुलना. तरी मामांचा चेहरा काही खुलेना.

मग अभिदादाने टिश्यूपेपरवर गणित मांडलं आणि हा या प्रवासातला सगळ्यात गमतीचा आकडा ठरला. जुनी सेक्वोया गॅलनला सरासरी १५ मैल जायची, म्हणजे १०० किलोमीटरला १५.७ लिटर. नवी घेते १०.७. बचत पाच लिटर. आता समजा, एखादी लहान गाडी लिटरला २० किलोमीटर देत होती आणि नवं मॉडेल २५ द्यायला लागलं. जाहिरातदार ढोल बडवतील. पण शंभर किलोमीटरला बचत किती? पाचाचे चार झाले. एक लिटर.

म्हणजे खादाड गाडीचा आहार थोडा आवरला तरी जे वाचतं, ते अल्पाहारी गाडीला उपाशी ठेवून वाचत नाही. मामांनी टिश्यूपेपर घडी करून खिशात ठेवला. पटलं असावं.

मधली रांग: नावात काय आहे? एक लिपी आहे

मामी पायरीवर पाय ठेवून, वरचा दांडा धरून आत चढल्या आणि खूश झाल्या. "एसटीत चढल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. एवढी मोठी दाद कंपनीच्या जाहिरात खात्यालाही सुचली नसती.

बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "पण सेक्वोया म्हणजे काय रे?"

झाड. कॅलिफोर्नियातले महाकाय वृक्ष. त्यातला 'जनरल शेर्मन' नावाचा वृक्ष सुमारे ८४ मीटर उंच आहे आणि खोडाच्या घनफळाच्या हिशेबात जगातलं सगळ्यात मोठं जिवंत झाड मानला जातो. त्याच्या बुंध्याशी ही गाडी खेळण्यातली वाटेल.

आणि झाडाला हे नाव कुठून आलं? १८४७ मध्ये एन्डलिखर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 'सेक्वोया' हे नाव दिलं. ते लॅटिनमधून आलं असं म्हणणारे अभ्यासक आहेत, पण बऱ्याच जणांच्या मते ते सेक्वोया याच नावाच्या चेरोकी माणसावरून पडलं. हा गृहस्थ चांदीकाम करायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, कुठलीच लिपी येत नव्हती. तरी गोऱ्यांच्या कागदांवरच्या खुणा बोलतात हे पाहून त्याने स्वतःच्या भाषेसाठी अख्खी लिपी तयार केली. १८२१ पर्यंत ती उभी राहिली आणि १८२८ मध्ये तिच्यात वर्तमानपत्रही निघालं. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे त्या लिपीत एकेक चिन्ह एकेका सुट्या ध्वनीसाठी नसून बाराखडीसारखं अख्ख्या अक्षरासाठी आहे.

मामी जन्मभर शाळेत मराठी शिकवत होत्या. गाडीबद्दलचं त्यांचं मत या माहितीनंतर जे वर गेलं ते खाली आलंच नाही.

पहिला सिग्नल

गावातून बाहेर पडताना लाल दिवा लागला. गाडी थांबली, इंजिनही थांबलं. आत एकदम शांतता.

मामी घाबरल्या. "बंद पडली का रे?"

बंद नव्हती पडली. हायब्रिड गाडी सिग्नलला इंजिन झोपवते आणि पुढे सरकताना कमी वेगात, ताशी साधारण २९ किलोमीटरच्या खाली, शक्य तेव्हा नुसत्या मोटरवर चालते. अडीच टनांचं धूड आवाज न करता घसरत निघालं की अंगावर काटा येतो. मांजराच्या पावलांनी हत्ती.

तिसरी रांग: मतभेदाचं मूळ स्थान

इथे सूर बदलतो. सगळ्या परीक्षणांमध्ये टीका आहे ती याच रांगेच्या आणि डिकीच्या पत्त्यावर.

कारण तिसऱ्या रांगेखाली हायब्रिडची बॅटरी आहे. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटाने मुरवलेला प्रकार. क्षमता १.८७ किलोवॅट-तास. हा आकडा लहान की मोठा? आपल्या पुण्याच्या बजाजने २०२० मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक चेतकची बॅटरी ३ किलोवॅट-तासांच्या आसपास होती. म्हणजे लक्ष्मी रोडवरून भाजी घेऊन येणाऱ्या स्कूटरपेक्षा या टेक्सासच्या राक्षसाची बॅटरी लहान! ती गाडी लांबवर चालवायला नाहीच. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि लगेच खर्चायची, एवढंच तिचं काम. मुदत ठेव नव्हे, बचत खातं.

बॅटरी लहान असली तरी जागा अडवतेच. त्यात आणखी एक बदल झाला. जुन्या पिढीत मागची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली व्हायची. नव्या पिढीत दोन्ही चाकं एका आडव्या अखंड अ‍ॅक्सलवर आहेत. हा अ‍ॅक्सल खड्ड्यात सबंध वरखाली होतो, म्हणून त्याला हलायला तळाखाली मोकळी जागा लागते आणि तळ उंच ठेवावा लागतो. तळ उंच, वर बॅटरी, वर सीट. परिणाम असा की तिसरी रांग दुमडता येते, पण डिकीच्या तळाशी सपाट होऊन गडप होत नाही.

यावर टोयोटाचा तोडगा: रांग पुढेमागे सहा इंच सरकते. पाय लांब करायचे असतील तर मागे, सामान जास्त असेल तर पुढे. सोय एकाची, त्याग दुसऱ्याचा. एकत्र कुटुंबात याला नवीन काही नाही.

डिकी: चिवड्याचा डबा आणि फडताळ

आता कोरडे आकडे, पण बोलके. मागच्या दोन्ही रांगा दुमडल्यावर जुन्या सेक्वोयात सुमारे ३,४०० लिटर सामान मावायचं. नवीत सुमारे २,४६०. गाडी नवी, बाहेरून तेवढीच भारदस्त, आणि पोट मात्र पाऊण झालं. तिसरी रांग वापरात असताना, ती पार मागे सरकवलेली असली तर तिच्या पाठी उरते सव्वातीनशे लिटरच्या आसपास जागा.

पण याच डिकीत गाडीतली सगळ्यात चतुर वस्तू आहे: वेगवेगळ्या उंचीवर लावता येणारी फळी. खाली लावली तर तळ, वर लावली तर कप्पा, आणि दुमडलेल्या रांगेच्या उंचीला आणली तर सगळं एका पातळीत. अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी हिला सारवासारव म्हटलं. मामींनी एका नजरेत हिचं खरं नाव शोधलं: "फडताळ आहे की!"

खाली बॅगा, वर चिवड्याचा डबा, दाण्याचे लाडू, थालीपिठांची चळत, लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून. वाटेत थांबलो तेव्हा मागचं दार वर उघडून तीच फळी ओट्यासारखी वापरली. टेक्सासच्या उन्हात, दाराच्या सावलीत उभं राहून दही-थालीपीठ. डिकीबद्दल आमच्या घरात परत कुणी लिटरांची भाषा केली नाही.

गाडीच्याही मागे: हत्तीची सोय

ज्यांचं मत अखंड अ‍ॅक्सलच्या बाजूने ठाम आहे, ती माणसं गाडीत बसून मत देत नाहीत, गाडीला काहीतरी जोडून मत देतात. अमेरिकेत 'फुल-साइज' गाडी घेण्याचं एक मोठं कारण म्हणजे ओढणं: होडी, घोड्यांची गाडी, चाकांवरचं घर. नवी सेक्वोया ९,५२० पौंड, म्हणजे ४,३०० किलोंपर्यंत ओढू शकते. पूर्ण वाढ झालेला आशियाई नर हत्ती साधारण चार टनांचा. म्हणजे हत्ती आणि वर त्याचा थोडाफार ऊस.

त्यासाठी गाडीचा सांगाडाही ट्रकसारखा आहे: खाली लोखंडी शिडी, वर बसवलेली बॉडी. हीच मूळ रचना भारतात येणाऱ्या लँड क्रूझर ३०० लाही आहे. होडी ओढणाऱ्याला अखंड अ‍ॅक्सल म्हणजे भरवसा, शाळेत पोरं सोडणाऱ्याला तोच मागच्या सीटवरचा हिसका. अ‍ॅक्सल एकच, निकाल दोन.

बॉनेटपाशी उभे असलेले: व्ही-८ चे शोकाकुल

जुन्या सेक्वोयाची दुसरी पिढी २००८ चं मॉडेल म्हणून आली आणि जवळजवळ पंधरा वर्षं तशीच चालली. मधल्या काळात फोन बदलले, सरकारं बदलली, ही बदलली नाही. पेट्रोल प्यायची, पण मरायची नाही. आयसीकार्स या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत सगळ्यात दीर्घायुषी गाडी म्हणून सेक्वोयाच पहिली आली होती, अपेक्षित आयुष्य २,९६,५०९ मैल. किलोमीटरमध्ये पावणेपाच लाखांच्या वर. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे चंद्रावर जाऊन परतीच्या वाटेला लागण्याइतकी पुण्याई.

ही पुण्याई त्या व्ही-८ ने कमावलेली. म्हणून जुने मालक नव्या टर्बोकडे संशयाने बघतात. २०२४ मध्ये टोयोटाने याच जातीच्या इंजिनाच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण कारखान्यात धातूचा कचरा इंजिनात राहिला असण्याची शक्यता होती. त्या टंड्रा आणि लेक्ससच्या बिगर-हायब्रिड गाड्या होत्या, सेक्वोया त्या यादीत नव्हती. पण संशयाला यादी कुठे लागते? दुसरीकडे हायब्रिड बॅटरीला दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांची हमी आहे. वाद चालू राहील. पावणेपाच लाखांचा निकाल लागायला अजून वेळ आहे.

घरातलेच स्पर्धक: धाकटी जाऊ, थोरली जाऊ

सेक्वोयाला खरा त्रास परक्यांपेक्षा घरच्यांचाच आहे. २०२४ च्या मॉडेलपासून टोयोटाने ग्रँड हायलँडर आणली. लांबीला कमी, ओढायला कमी, किमतीला कमी. पण सगळ्या रांगा दुमडल्यावर तिच्यात सुमारे २,७६० लिटर मावतं, म्हणजे थोरलीपेक्षा जास्त! आणि तिचं हायब्रिड मॉडेल गॅलनला ३६ मैलांपर्यंत जातं. ती बनते इंडियानातल्या प्रिन्स्टनच्या कारखान्यात. सेक्वोयाच्या आधीच्या दोन पिढ्या तिथेच जन्मल्या होत्या. थोरली घर सोडून टेक्सासला गेली आणि धाकटीने तिची खोली घेतली.

त्याहून शहाणी सिएना. सरकती दारं, बुटका तळ, तिसऱ्या रांगेमागे साडेनऊशे लिटरची जागा, गॅलनला ३६ मैल, आणि २०२१ च्या मॉडेलपासून तीही फक्त हायब्रिड. सासू-सासरे, पोरं, बॅगा, सगळ्यांसाठी आदर्श. मग सगळे तीच का घेत नाहीत? अभिदादाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एका वाक्यात सांगितलं: "ती घेतली की तुझ्या दादाला आपण फक्त बाबा झालोय असं वाटतं." सेक्वोयाची किंमत २०२३ च्या मॉडेलला ५८,३०० डॉलरपासून सुरू झाली आणि वरच्या मॉडेलला ७५ हजारांच्या पुढे गेली. त्यातले काही हजार तरी या भावनेचे असणार.

एका घोटात

• मोठ्या हायब्रिडचा पहिला मान सेक्वोयाचा नव्हे. शेवरोलेने २००८ मध्येच टाहो हायब्रिड आणली, तिला 'ग्रीन कार ऑफ द इयर'ही मिळालं. सहा लिटरचं व्ही-८ आणि पर्यावरणाचं पारितोषिक, दोन्ही एकाच गाडीला. २०१३ नंतर ती बंद झाली.

• नव्या सेक्वोयाचा पडदा २५ जानेवारी २०२२ ला उघडला. टोयोटाचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय मामेभावाच्याच गावात, प्लेनोत आहे. २०१७ मध्ये ते कॅलिफोर्नियातून इकडे आलं. म्हणजे गाडीचं माहेर सॅन अँटोनियो आणि सासर दोन गल्ल्या सोडून.

• भारतात लहान गाड्यांना करसवलत हवी तर लांबी चार मीटरच्या आत लागते. सेक्वोयाची लांबी त्या मर्यादेच्या बाहेर सव्वा मीटरहून जास्त लोंबते. ती भारतात विकत नाहीत, आणि सदाशिव पेठेत ती वळवायची कल्पना करून बघा म्हणजे कारण विचारावं लागणार नाही.

• भारतात टोयोटाच्या नावाला जोडलेलं आडनाव मात्र अस्सल मराठी आहे: किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. घराण्याच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर २५ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत इनोव्हा हायक्रॉसच्या अनावरणाला हजर होते. चारच दिवसांनी त्यांचं निधन झालं.

• आणि २०२४ च्या जुलैमध्ये याच कंपनीने छत्रपती संभाजीनगरात कारखाना उभारण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार केला. मामा मूळचे तिथलेच. "आपल्याकडे बनवतील तेव्हा बघू," म्हणाले.

जागाबदल

टेंपल गावाजवळ बकीज नावाचा टेक्सासचा प्रसिद्ध पेट्रोलपंप लागतो. पंप कसला, जत्राच. तिथे मका, बीफ जर्की, टोप्या आणि चकचकीत स्वच्छतागृहं पाहून झाल्यावर सगळे परत गाडीपाशी आलो तेव्हा जागांची अदलाबदल झाली.

मामी पुढे बसल्या. मामा मधल्या रांगेत गेले. वहिनींनी स्टिअरिंग घेतलं. अभिदादा, पिकअपचा तो पुजारी, तिसऱ्या रांगेत पोरांच्या शेजारी गेला आणि अर्ध्या तासात त्याला सिएनाच्या सरकत्या दारांचे गुण आठवू लागले. वहिनींना मात्र पहिल्याच ओव्हरटेकला टर्बो-मोटरची जोडी पटली. "मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी चालते," म्हणाल्या. मामांनी मधल्या ऐसपैस खुर्चीत हात पसरले आणि पुढचे शंभर किलोमीटर अ‍ॅव्हरेजचं नाव काढलं नाही.

सॅन अँटोनियोत शिरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पहिला लाल दिवा लागला. गाडी थांबली, इंजिन विझलं, आत शांतता पसरली.

मागून मामांचा आवाज आला, "बंद पडली का रे?"

मामींनी मांडीवरचा लाडवांचा डबा सावरला आणि मागे वळूनही न बघता उत्तर दिलं, "नाही हो. बॅटरीवर आहे. बसा गप्प."